जप्तीचा माल कुणाच्या घरात?

किनवटच्या माणसाला जप्ती म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. तो जप्तीतच जन्मतो.

माझ्या चुलत्याची बैलगाडी एकदा नाक्यावर धरली. गाडीत सागाचं एक वाळलेलं खोड होतं. पावसाळ्याआधी घराला आढं टाकायचं होतं. नाक्यावरच्या साहेबानं पंचनामा केला. कुऱ्हाड जप्त, गाडी जप्त, बैल जप्त. बैल सुपूर्तनाम्यावर सुटले, गाडी सुटली नाही. ती तिथंच ऑफिसमागं दोन पावसाळे भिजली. कुणीतरी चाकाच्या धावा काढून नेल्या. चुलता दर महिन्याला जायचा, लांबून गाडीकडं बघायचा आणि परत यायचा. एकदा मला म्हणाला, "गाडी मरायली रं, अन् मला हात लावता येईना."

हे कायद्यानं झालं. १९२७ च्या वन कायद्यात कलम ५२ आहे. हत्यार, गाडी, जनावर सगळं धरता येतं. महाराष्ट्रानं त्याला ६१-अ ची जोड दिली. कोर्टात गुन्हा शाबीत व्हायची वाट बघायची गरज नाही, अधिकारीच वस्तू सरकारजमा करू शकतो. गोंड, कोलाम, आंध, बंजारा, बौद्ध, मातंग, ज्याच्या ज्याच्या हातात कुऱ्हाड आहे त्याला हे कलम नंबरानिशी माहीत नसलं तरी पाठीवर माहीत आहे.

आता दुसरी जप्ती ऐका.

मागं विहारात बसलो होतो. एक पोरगं पेपर वाचता वाचता म्हणालं, "दादा, त्या नीरव मोदीचे हिरे हाँगकाँगहून आणले म्हणं सरकारनं. क्विंटलानं हिरे! पण आपल्याला काय करायचं हाय त्याचं? आपली लढाई वेगळी हाय."

हा लेख त्या पोराला उत्तर आहे. त्याचं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं साफ चूक आहे. चूक अर्ध्यासाठी मी एवढे स्टेन्सिल खराब करतोय.

१. चोर नदी ओलांडतो तेव्हा

पैनगंगा ओलांडली की दुसरं राज्य, हे आपल्या आज्ज्यांना पाठ होतं. निजामाच्या काळात अलीकडं हैदराबाद संस्थान, पलीकडं इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. इकडं वेठबिगारीनं पाठ मोडली की माणूस रात्री नदी उतरून पलीकडं जायचा. पाटलाचा माणूस काठावर उभा राहून शिव्या द्यायचा. त्याचा हुकूम पाण्यापर्यंतच.

जगातला मोठा चोर नेमकं हेच करतो. फरक एवढाच की तो पोत्यात भाकर घेऊन जात नाही, बँकेतून पैसा पाठवतो. मुंबईत चोरतो, दुबईत फिरवतो, हाँगकाँगला हिरे करतो, लंडनला घर घेतो. भारताच्या पोलिसाचा हुकूम विमानतळापर्यंतच.

मग सरकारांनी आपसात करार केले. त्याची पद्धत चार पायऱ्यांची आहे, नीट समजून घ्या, कारण पुढं आपल्याला लागणार आहे. पहिली पायरी, माल शोधणं. दुसरी, माल गोठवणं, म्हणजे विकता येऊ नये, दडवता येऊ नये. तिसरी, कोर्टाच्या हुकमानं जप्त करणं. चौथी, परत देणं. आपल्या कोर्टानं विनंतीपत्र काढायचं, ते दिल्लीच्या गृहखात्यामार्फत परदेशी सरकारकडं जायचं, तिथल्या कोर्टानं तपासायचं की हा त्यांच्याकडंही गुन्हा ठरतो का, आणि मग टाच आणायची. भारताचे असे करार चाळीसहून जास्त देशांशी आहेत.

त्यातला एक मोठा करार इंग्लंडशी झाला. तारीख २२ सप्टेंबर १९९२. गुन्ह्याचा पैसा शोधायचा, गोठवायचा, जप्त करायचा, एकमेकांना मदत करायची असा तो करार. त्याच दिवशी गुन्हेगार एकमेकांच्या हवाली करायचाही करार झाला. तेव्हा देशाचे गृहमंत्री कोण होते? आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. पुढच्या वर्षी, १९९३ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेत १०५-अ पासूनची नवी कलमं घातली. आता ते प्रकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे.

१९९३ म्हटलं की तुम्हाला दुसरंच आठवेल. आठवलंच पाहिजे. त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्याच नांदेड शहरात, गौतम वाघमारेनं नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला होता. एका विद्यापीठाच्या पाटीवर बापाचं नाव लिहायला राज्याला सोळा वर्षं लागली. समुद्रापलीकडचा पैसा धरायचं कलम मात्र वर्षाच्या आत तयार झालं. मी म्हणत नाही की ते कलम वाईट होतं. राज्याचे हात कुठं लवकर हलतात आणि कुठं लकवा भरतो, एवढंच दाखवतोय.

२. हिऱ्याची गोष्ट आणि जमिनीची गोष्ट

२०१८ च्या जानेवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा उघड झाला. नीरव मोदी आणि त्याचा मामा मेहुल चोक्सी यांच्यावर आरोप, रक्कम तेरा हजार कोटींहून जास्त. गुन्हा नोंदवायच्या आतच दोघं देशाबाहेर. मार्च २०१९ मध्ये नीरव मोदी लंडनला पकडला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या विशेष कोर्टानं त्याला फरारी आर्थिक गुन्हेगार ठरवलं. २०१८ च्या नव्या कायद्यानं असं ठरवलं की त्याची इथली आणि तिथली मालमत्ता जप्त करता येते. जून २०२० मध्ये हाँगकाँगहून २३०० किलोच्या वर हिरे, मोती, दागिने आले. किंमत सांगितली १३५० कोटी. जुलै २०२० मध्ये आणखी ३२९ कोटींची मालमत्ता जप्त : वरळीचे फ्लॅट, अलिबागचं समुद्रकाठचं घर, जैसलमेरची पवनचक्की, लंडनचा फ्लॅट, अमिरातीतले फ्लॅट.

वाचून बरं वाटतं. मलाही वाटलं. पण अलिबाग आणि लंडनच्या मध्ये एक गाव पेपरवाल्यांनी लवकर विसरलं. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं खंडाळा.

दुष्काळी भाग. तिथं नीरव मोदीच्या कंपनीनं सौर प्रकल्पासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. कवडीमोलानं घेतल्या, फसवून घेतल्या असं शेतकऱ्यांचं म्हणणं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ईडीनं तिथली १३५ एकर जमीन आणि प्रकल्प यांच्यावर टाच आणली. आणि मार्च २०१८ मध्ये दोनेकशे शेतकरी त्या जमिनीत घुसले आणि जाहीर केलं, ही जमीन आम्ही परत घेतली.

आता सांगा, गुन्ह्याचा पैसा म्हणून ती जमीन जप्त झाली. कायद्याला तिथं कोण दिसतं? एक चोर दिसतो. एक बँक दिसते. बँक ही फिर्यादी, म्हणून तिचं नुकसान कागदावर आहे. पण ज्यानं बांधावर उभं राहून बाप-आज्ज्याचं रान कमी भावात दिलं, तो कायद्याला कुठं दिसतो? त्याच्या हातात खरेदीखत आहे, त्यावर त्याचाच अंगठा आहे. कायदा म्हणतो, तू तर विकलंस. तू पीडित नाहीस.

हीच या सगळ्या जप्तीची गोम आहे. ज्याचं नुकसान कागदावर आहे त्याला परत मिळतं. ज्याचं नुकसान अंगावर आहे त्याला नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं, ईडीनं आजवर २२,२८० कोटींची मालमत्ता परत केली. त्यात विजय मल्ल्याची १४,१३१ कोटींची, नीरव मोदीची १०५२ कोटींची. या दोघांचं सगळं बँकांना मिळालं. बँका सरकारी आहेत, म्हणजे पैसा आपलाच, असं पांढरपेशे म्हणतात. खरंच का? पन्नास हजाराचं कर्ज मागायला आपला माणूस जातो तेव्हा त्याला जामीनदार लागतो, सातबारा लागतो, सातबारावर नाव लागतं, नाव असलं तर बोजा नसावा लागतो. हिरेवाल्याला हमीपत्रं तारणाशिवाय मिळाली. बँक बुडताना आपली, आणि कर्ज देताना कुणाची?

३. आपल्या अंगणातला खटला

आता पोराच्या प्रश्नाकडं येतो. "आपल्याला काय त्याचं?"

अरे बाबा, या जातीचा एक जुना खटला तुझ्या आज्ज्याच्या पैशाचा आहे!

किनवट तालुका तेव्हा नांदेडात नव्हता. हैदराबाद संस्थानातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ ला तो नांदेडला जोडला. म्हणजे तुझा आज्जा निजामाची रयत. सारा निजामाला, जंगलाचा कर निजामाला, वरून देशमुख-पाटलाची वेठ फुकट.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद पडलं. आपण तो मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, झेंडा लावतो, पोरांना गोळ्या वाटतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत काय झालं ते कुठल्या झेंड्याखाली सांगतात का? निजाम सरकारच्या खात्यावरचे १०,०७,४९० पौंड पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त हबीब इब्राहीम रहिमतुल्ला यांच्या नावावर वळवले गेले. वळवले मोईन नवाझ जंग यांनी, निजामाच्या मंत्रिमंडळातले माणूस. पुढच्या आठवड्यात निजामाची तार गेली, माझ्या परवानगीशिवाय झालं, पैसे परत करा. बँकेनं हात वर केले. पैसा गोठला.

मग खटला. १९५४ ला निजाम लंडनच्या कोर्टात गेला. १९५७ ला तिथल्या सर्वात वरच्या कोर्टानं सांगितलं, पाकिस्तान सार्वभौम देश, त्याच्यावर आमच्याकडं दावा चालत नाही. झालं. साडेपाच दशकं पैसा तसाच, व्याज वाढतंय. २०१३ ला पाकिस्ताननं स्वतःच दावा केला, तेव्हा कुलूप निघालं. आणि २ ऑक्टोबर २०१९ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला : पाकिस्तानचा हक्क नाही. पैसा सातव्या निजामाचा, म्हणून त्याच्या वतीनं मागणाऱ्यांचा. ते कोण? निजामाचे दोन नातू आणि भारत सरकार. त्यांनी आधीच आपसात समझोता केला होता. दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. आपल्या पैशात तीनशे कोटींच्या वर. नंतर निजामाचे बाकीचे वारसही उठले, आम्हालाही वाटा म्हणून.

सगळे उठले. नातू उठले, दोन देश उठले, चुलत वारस उठले. मराठवाड्याची रयत कुणाला आठवली नाही. रयतेनंही मागितलं नाही. कुणी मागायला सांगितलंच नाही.

कोर्टापुढं प्रश्न होता, पैसा कुणाच्या नावावर. पैसा कुणाच्या घामाचा, हा प्रश्न कुठल्याच कोर्टाच्या फायलीत बसत नाही. त्या दहा लाख पौंडांत कापसाचा सारा होता की नव्हता? चराईचा कर होता की नव्हता? आपल्या शेजारी जोडेघाटला १९४० मध्ये कुमरम भीम जंगल-जमिनीसाठी निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. ज्या जंगलाच्या करापायी तो पडला, त्या जंगलाचा एकही पैसा लंडनला पोचला नव्हता असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

माझं म्हणणं असं नाही की तो पैसा कायद्याच्या भाषेत गुन्ह्याचा होता. कोणत्याही कोर्टानं तसं म्हटलेलं नाही. माझं म्हणणं, गुन्हा कशाला म्हणायचं हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय, आणि ते आपण ठरवलेलं नाही.

त्याच १९४८ च्या जानेवारीतली दुसरी गोष्ट घ्या. आपल्याच जिल्ह्यातल्या उमरीला मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी निजामाच्या बँकेवर धाड घातली. वीस लाखांच्या वर रक्कम उचलली आणि हद्दीपलीकडं उमरखेडच्या छावणीत नेली. निजामाच्या कायद्यानं तो दरोडा आणि ती दरोड्याची रक्कम. आपल्या पुस्तकात ते स्वातंत्र्ययुद्धाचं पान. मी त्याला स्वातंत्र्ययुद्धच म्हणतो. पण बघा, एकाच वर्षात, एकाच संस्थानातून, दोन रकमा हद्द ओलांडून गेल्या. एक दरोडा ठरली आणि सरकार बदललं तशी पुण्य ठरली. दुसरी राजाची खासगी ठेव ठरली. दोन्ही वेळा पैसा रयतेचा होता आणि दोन्ही वेळा रयतेला विचारलं नाही.

इथं एक काळजी घ्या. हे बोललो की गावातले टिळेवाले खुश होतात, म्हणतात बघा मुसलमान राजा कसा होता. त्यांना तिथंच गप्प करा. निजामाच्या खाली वेठ घेणारे बहुतेक देशमुख, पाटील, सावकार हिंदूच होते. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्यात गरीब मुसलमानांची कत्तल झाली, सुंदरलाल समितीनं ते लिहून ठेवलं. त्यांची लुटलेली घरं-जमिनी कुणी जप्त करून परत दिल्या? त्या लुटीवर कोण मोठे झाले? बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच दलितांना बजावलं होतं की निजामाची बाजू घेऊ नका. पण निजाम गेल्यावर देशमुखाची बाजू घ्या, असं बाबासाहेबांनी कधीच सांगितलं नव्हतं.

४. दुसरीकडं लोकांनी काय केलं

"मग दादा, जगात कुठंच गरिबाला परत मिळालं नाय का?" पोरगं हे विचारील. मिळालंय. मागितलं तिथं मिळालंय.

फिलिपाइन्सचा मार्कोस. १९८६ च्या फेब्रुवारीत लोकांनी हाकलला. महिन्याभरात स्विस सरकारनं त्याची खाती गोठवली. पण गोठवलेला पैसा सुटायला सतरा-अठरा वर्षं लागली. स्विस कोर्टानं १९९७ ला मान्यता दिली, फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २००३ ला जप्तीचा निकाल दिला. साठ कोटी डॉलरच्या वर रक्कम आली. तोवर मार्कोसच्या तुरुंगात छळ झालेले, ज्यांची पोरं गायब झाली ते लोक गप्प बसले नव्हते. ते म्हणत होते, हा पैसा आमच्या हाडांवरून काढलाय. २०१३ मध्ये कायदा झाला. त्या रकमेतून १००० कोटी पेसो छळ झालेल्यांसाठी बाजूला काढले. पंचाहत्तर हजारांवर अर्ज आले, त्यातले ११,१०३ लोक राज्यानं पीडित म्हणून मान्य केले. थोडे आहेत. पण राज्यानं नाव घेऊन मान्य केलं की तुझ्यावर अन्याय झाला, हा घे तुझा वाटा.

नायजेरियाचा हुकूमशहा आबाचा. १९९८ ला मेला. त्याचा पैसा टप्प्याटप्प्यानं आला. सुरुवातीच्या पैशाचं काय झालं याबद्दल लोकांनी ओरड केली. म्हणून २०१७ ला स्वित्झर्लंडनं ३२ कोटी डॉलर परत द्यायचे ठरवले तेव्हा करारातच लिहून घेतलं की हा पैसा गरीब घरांना थेट रोख वाटायचा आणि त्यावर बाहेरून देखरेख ठेवायची.

संयुक्त राष्ट्रांचा २००३ चा भ्रष्टाचारविरोधी करार आहे. भारतानं तो २०११ ला मान्य केला. त्याच्या ५७ व्या कलमात जप्त माल परत देताना देशाबरोबर आधीचा खरा मालक आणि गुन्ह्यानं पीडित माणूस यांचाही उल्लेख आहे. म्हणजे दार आहे. आपण ते वाजवलं नाही एवढंच.

आणि पैसा देशात आला म्हणजे आपल्याकडं आला, या भ्रमात राहू नका. मे २०२५ मध्ये याच राज्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी खात्याचे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खात्याच्या मंत्र्यानंच आरडाओरडा केला. बहिणी आपल्याही आहेत, त्यांना द्यायला कुणाची ना नाही. पण दलितांच्या नावानं ठेवलेल्या पैशाला हद्द ओलांडायला पासपोर्ट लागत नाही, एका मंत्रालयाच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला एक सही पुरते. त्या पैशाच्या मागं कुठलं विनंतीपत्र धाडायचं?

५. आंधळी टाळी वाजवू नका

अजून एक गोष्ट सांगतो, ती तरुण कार्यकर्त्यांनी गाठ मारून ठेवावी. जप्तीचा कायदा बलवान होतोय म्हणून नाचू नका. मनी लाँडरिंगचा कायदा २००२ चा, अमलात आला १ जुलै २००५ पासून. त्यात जामीन मिळणं महाकठीण आणि निर्दोष असल्याचा बराचसा भार आरोपीवर. २७ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ईडीचे हे अधिकार कायम केले. असली धारदार कुऱ्हाड सरकारच्या हातात असली की ती आज हिरेवाल्यावर चालते, उद्या कुणावर चालेल याची हमी नाही. चळवळीच्या संस्थांची खाती गोठवणं, वर्गणीच्या पावत्या तपासणं हे सरकारला नवं नाही. म्हणून आपली मागणी "आणखी जप्ती करा" अशी नसावी. आपली मागणी चौथ्या पायरीवर असावी. परत देताना कुणाला देता?

आणि आपल्या दाराशी काय आहे तेही बघा. ॲट्रॉसिटी कायदा, १९८९. कलम सात तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय? हात वर करा. कलम तीन सगळ्यांना पाठ. कलम सात म्हणतं : या कायद्याखाली शिक्षा झालेल्या माणसाची जी मालमत्ता गुन्ह्यासाठी वापरली गेली ती विशेष कोर्ट सरकारजमा करू शकतं. खटला चालू असतानाही टाच आणू शकतं. वस्ती जाळायला माणसं ज्या ट्रॅक्टरमधून आली तो ट्रॅक्टर. हत्यारं ज्या वाड्यात ठेवली तो वाडा. मी जिल्ह्यातल्या चार वकिलांना विचारलं, हे कलम चाललेलं कुणी बघितलंय का? चौघांनीही नकारार्थी मान हलवली.

१९७८ ला मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना जिवंत जाळलं. तेव्हा हे कलम नव्हतं. आता आहे आणि झोपलंय. लाकूडफाटा नेणाऱ्याची गाडी ६१-अ नं शिक्षेआधीच जाते, आणि वस्ती जाळायला आलेला ट्रॅक्टर कलम सात असूनही पुढच्या हंगामात त्याच शेतात नांगरतो. हाँगकाँगहून हिरे आणणाऱ्या राज्याला पाच मैलांवरचा ट्रॅक्टर सापडत नाही!

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०७ आलंय, १ जुलै २०२४ पासून. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता कोर्ट जप्त करू शकतं आणि जिल्हाधिकाऱ्यानं ती साठ दिवसांत गुन्ह्यानं बाधित झालेल्यांना वाटायची. दावेदार सापडला नाही तर सरकारजमा. शेवटचं वाक्य परत वाचा. दावेदार सापडला नाही तर! म्हणजे आपण गप्प बसलो तर कायदा आपल्याला हरवलेला समजणार. लंडनच्या निकालात झालं तेच.

६. मग काय करायचं

"आपली लढाई वेगळी हाय" असं म्हणणाऱ्या पोराला शेवटचं.

आपला बाप लंडनला गेला तो काय बॅरिस्टरचा कोट घालायला नुसता? त्यानं तिथं रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ ला तो छापला. त्याआधी कोलंबियात प्रांतांच्या जमाखर्चाचा अभ्यास केला. तिजोरीत पैसा कुणाकडून येतो आणि कुणाकडं जातो, हे त्यानं आकडे मांडून तपासलं. मग मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. म्हणजे तिजोरीपासून बलुत्यापर्यंत एकच सूत धरलं. आणि आपण? आपण जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मांडतो आणि सरकारचा हिशेब परक्याचा म्हणून सोडून देतो.

तर हे करा.

एक. तालुक्यात गेल्या दहा वर्षांत ॲट्रॉसिटीच्या किती खटल्यांत सरकारी वकिलानं कलम सातची मागणी केली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर "निरंक" आलं तर तो कागद सांभाळून ठेवा. तो निरंक हाच आपला पुरावा.

दोन. जिथं जमीन, मजुरी, शिष्यवृत्ती, घरकुल यात फसवणुकीचा गुन्हा नोंद आहे, तिथं कलम १०७ खाली बाधितांची यादी आपणच करा. नाव, गाव, रक्कम. जिल्हाधिकाऱ्याला शोधायला लावू नका, तो शोधणार नाही.

तीन. गावातल्या म्हाताऱ्यांना निजामाच्या काळातला सारा, चराई, वेठ काय होती ते विचारून लिहून काढा. पैसे मिळतील म्हणून नाही. पुढच्या वेळी कुठलं कोर्ट म्हणालं की पैसा राजाचा, तर आपल्या हातात वही असावी म्हणून.

चार. खासदार-आमदार मत मागायला आले की एकच प्रश्न : परदेशातून परत आलेल्या पैशात बँकेच्या आधी ज्याची जमीन गेली, ज्याची मजुरी बुडाली त्याचा वाटा ठेवणारा कायदा तुम्ही मांडणार का? हो की नाही. भाषण नको.

चुलत्याचं सांगायचं राहिलं. तिसऱ्या वर्षी गाडी सोडायचा कागद आला. आम्ही दोघं गेलो. ऑफिसमागं नुसता सांगाडा होता, जू वाळवीनं खाल्लेलं. साहेब म्हणाला, घेऊन जा आणि सही करा, माल सुस्थितीत मिळाला म्हणून. चुलत्याला लिहिता येत नव्हतं. अंगठ्याला शाई लावली त्यानं, मग कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "काय लिवलंय रं यात?"

मी वाचून दाखवलं.

त्यानं अंगठा धोतराला पुसला. "मंग मी देत नाय," म्हणाला.

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. पण त्या कागदावर त्याचा अंगठा नाही. कोरी जागा आहे तिथं. दोस्तांनो, परताव्याचा जो जो कागद पुढं येईल त्यावर अंगठा देण्याआधी आधी वाचा, काय लिवलंय यात.

जयभीम.